‘शक्ती’मधला माहीमचा फकीर

१५ डिसेंबर २०२४ च्या रविवारी रात्री उस्ताद झाकीर हुसैन गेल्याची बातमी आली. मग ती खोटी असल्याचं कुणीतरी सांगितलं, आणि सोमवारी सकाळी कुटुंबीयांनीच ती खरी असल्याचं कळवलं. तेवढ्या वेळात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण होऊन गेलं होतं. एका पुतणीने ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ लिहिलं. त्यावर दिग्रसला राहणाऱ्या माझ्या खालाजाद भावाने विचारलं, ज्या घरात सरस्वती आणि गणपतीचं नाव घेतलं जात होतं, त्या माणसासाठी हे कशाला? ज्या बँडचं नावच ‘शक्ती’, त्यात तो पन्नास वर्षं बसला, असंही त्याने पुढे जोडलं.

दुसऱ्या दिवशी नोकरीतल्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर उलटा प्रकार. ‘मुसलमान असावा तर असा’, असं एकाने लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. मला दोन्ही वाक्यं सारखीच टोचली. पहिल्यात एका माणसाला बाहेर काढलं होतं, दुसऱ्यात त्याच्या आडून आम्हा बाकीच्यांना.

सहकाऱ्याला मी काही बोललो नाही. भाईजानला मात्र उत्तर द्यायचं होतं, कारण तो मनाने वाईट नाही आणि त्याने विषय नेमका काढला होता. ‘शक्ती’ काय होती, झाकीर तिथे कसे पोहोचले आणि एवढ्या वर्षांनी पुन्हा त्याच मंचावर का बसले, हे सांगितल्याशिवाय त्याच्या प्रश्नाला उत्तर नाही. ग्रुपवर ते मावलं नाही, म्हणून इथे लिहितो.

आधी एक दुरुस्ती. पन्नास वर्षं सलग कुणीच बसलं नव्हतं. ‘शक्ती’चा पहिला अल्बम ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडच्या एका कॉलेजमध्ये, श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झाला. १९७६ आणि १९७७ मध्ये आणखी दोन अल्बम आले आणि १९७८ मध्ये बँड थांबला. पुढे १९९७ मध्ये तो ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने परतला, काही वर्षं चालला, पुन्हा शांत झाला. जानेवारी २०२३ मध्ये पन्नासाव्या वर्षाच्या दौऱ्याची सुरुवात भारतातून झाली, तेव्हा पहिल्या संचातले दोघेच मंचावर उरले होते. ८१ वर्षांचे गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन आणि ७१ वर्षांचे झाकीर. मुंबईची मैफल ऐकायला मी गेलो नाही. तिकिटाचे पैसे, धामणगावपर्यंत जाऊन पकडायची गाडी, मुंबईतला मुक्काम, सगळा हिशेब करून मी घरीच बसलो. आता पस्तावतो.

मॅक्लॉफ्लिन मुळात रॉकच्या जमान्यातला माणूस. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरात जन्मलेला. १९६९ मध्ये अमेरिकेत जाऊन तो माइल्स डेव्हिससोबत वाजवू लागला. डेव्हिसच्या ‘बिचेस ब्रू’ या अल्बममधल्या एका रचनेचं नावच ‘जॉन मॅक्लॉफ्लिन’ आहे. १९७१ मध्ये त्याने ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ काढला. महाविष्णू हे नाव त्याला त्याचे बंगाली गुरू श्री चिन्मय यांनी दिलं होतं. जॅझ आणि रॉक यांची ती सरमिसळ, विजेची गिटार, कानठळ्या बसतील एवढा आवाज आणि प्रचंड वेग. लोक वेडे झाले होते. अशा वेळी या माणसाने विजेची गिटार खाली ठेवली, जमिनीवर मांडी घातली आणि साधी लाकडी गिटार हातात घेतली. तीही अगदी साधी नव्हती. अब्राहम वेक्टर या कारागिराकडून त्याने तिला सात तरफेच्या तारा लावून घेतल्या आणि पडद्यांमधलं लाकूड कोरून घेतलं, म्हणजे सतार-वीणेसारखी मींड काढता यावी. रेकॉर्ड कंपनीच्या नजरेने पाहिलं तर हा धंदा बुडवायचाच प्रकार. विक्रीही ‘महाविष्णू’च्या मानाने कमीच झाली.

त्याच्या बाजूला कोण होतं, ते पाहा. व्हायोलिनवर एल. शंकर. घटमवर टी. एच. ‘विक्कू’ विनायकराम. पहिल्या अल्बममध्ये मृदंगावर रामनाड राघवन. हे तिघे दाक्षिणात्य, कर्नाटक संगीतातले. आणि तबल्यावर चोवीस वर्षांचा झाकीर, माहीमचा. आज ‘फ्यूजन’ म्हटलं की लग्नाच्या बँडपासून टीव्हीपर्यंत काहीही चालतं, त्यामुळे या बैठकीचं नवल वाटत नाही. पण तेव्हा खरी दरी पूर्व आणि पश्चिमेत जेवढी होती, तेवढीच उत्तर आणि दक्षिणेतही होती. हिंदुस्थानी तबलजी आणि कर्नाटकी घटमवादक एका मंचावर नियमित बसत नव्हते. दोघांची तालाची भाषा वेगळी, मोजणी वेगळी, हाताने ताल धरण्याची रीतसुद्धा वेगळी. एका इंग्रज गिटारवाल्याच्या निमित्ताने मुंबईचा मुसलमान आणि तमिळ ब्राह्मण अमेरिकेत जाऊन एकमेकांचा ताल शिकले.

मी ‘शक्ती’ पहिल्यांदा ऐकली ती अमरावतीला, हॉस्टेलमध्ये, एका मित्राच्या कॅसेटवर. पहिलीच रचना, नाव ‘जॉय’, अठरा मिनिटांची. मला वाटलं टेप जोरात पळतोय. मित्राला म्हटलं, दुकानदाराने फसवलं तुला. त्याने कॅसेट काढली, पेन्सिलीने फिरवून नीट बसवली, पुन्हा लावली. वेग तोच.

आता माहीमकडे येतो, कारण भाईजानचा खरा आक्षेप तिथला आहे.

झाकीर यांचे वडील उस्ताद अल्लारखा कुरेशी हे जम्मूजवळच्या फगवालचे. पंजाब घराण्याच्या मियाँ कादिर बख्श यांचे शागीर्द. मुंबईत आल्यावर ते ए. आर. कुरेशी या नावाने चित्रपटांना संगीतही देत. तबल्यावर बसले की अल्लारखा, स्टुडिओत गेले की कुरेशी. पंडित रविशंकर यांच्यासोबत त्यांनी जगभर तबला पोहोचवला. ९ मार्च १९५१ रोजी झाकीर जन्मले. आपल्याकडे बाळ जन्मलं की कानात अजान देतात. झाकीर यांनी अनेकदा सांगितलेली हकीकत अशी की, वडिलांनी त्यांना उचलून घेतलं आणि कानात तबल्याचे बोल म्हटले. आई चिडली. वडील म्हणाले, माझी प्रार्थना हीच आहे. मी सरस्वती आणि गणेश यांचा उपासक आहे, ही विद्या मला माझ्या उस्तादांकडून मिळाली आहे, असंही ते म्हणाले. हे सांगताना आपले वडील धार्मिक मुसलमान होते, हेही झाकीर आवर्जून सांगत.

भाईजानने उचललं ते एवढंच. पण त्याच झाकीर यांनी नसरीन मुन्नी कबीर यांना दिलेल्या दीर्घ मुलाखतीचं पुस्तक २०१८ मध्ये इंग्रजीत आलं, त्यात आणखी एक गोष्ट आहे. ते जन्मले त्या काळात वडील फार आजारी होते. एक फकीर आईकडे आला आणि म्हणाला, याचं नाव झाकीर हुसैन ठेव आणि मोहरममध्ये याला इमाम हुसैन यांचा फकीर कर. आईने तसं केलं. हा मुलगा मोहरममध्ये माहीमच्या गल्ल्यांतून फकीर होऊन फिरे, घरोघरी मागे.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवलं होतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही. नवस बोलायचा, पोरगं जगलं की मोहरममध्ये त्याला फकीर करायचं, हिरवे कपडे, गळ्यात झोळी, पाच-सात घरी फिरवायचं. सवारीपुढे ताशा वाजायचा आणि पोरं त्यामागे. मुसलमानांचीच नव्हे, कितीतरी हिंदू घरांतली मुलंही अशी फकीर व्हायची. आता आपल्यातलेच बरेच जण या प्रथेला नावं ठेवतात, त्यांची कारणं मला माहीत आहेत, काही पटतातही. पण भारतीय तबल्याचा जगातला सगळ्यांत मोठा चेहरा लहानपणी हिरवे कपडे घालून झोळी धरून उभा होता, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्यांचा रोजचा दिवसही तसाच होता. पहाटे अंधारात वडिलांसोबत बोलांचा रियाज, मग मदरशात कुरआन, मग सेंट मायकेल शाळेत, तिथे चर्चमधली प्रार्थना. जवळच मखदूम अली माहिमी यांचा दर्गा. हे सगळं एका सकाळीत बसायचं. मग पुढे ज्याला ‘शक्ती’त बसताना अडचण वाटली नाही, त्याने काहीतरी सोडून दिलं असं कसं म्हणायचं? तो जिथून निघाला होता, तिथेच हे सगळं होतं.

संगीत हलाल की हराम, हा वाद मी इथे उकरत नाही. तो आपल्यापेक्षा मोठ्या माणसांनी घातला आहे. इमाम गझाली यांनी ‘इह्या उलूमिद्दीन’मध्ये समाअ या विषयाला स्वतंत्र ग्रंथभाग दिला, अटी घालून परवानगीची बाजू मांडली. हजरत निजामुद्दीन औलिया यांना तर गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात उलेमांपुढे समाअची बाजू मांडावी लागली होती. सातशे वर्षांनंतरही व्हॉट्सॲपवर निकाल लागलेला नाही. आर्णीला बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यावर कव्वाली ऐकायला लहानपणी भाईजानच मला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून घेऊन जायचा, एवढंच नोंदवतो.

आता परतण्याची गोष्ट.

रॉकच्या जगात जुन्या बँडचं पुन्हा एकत्र येणं हा एक वेगळाच सण असतो. त्यातला सगळ्यांत गाजलेला १० डिसेंबर २००७ चा, लंडनमधला. लेड झेपलिन हा बँड १९८० मध्ये ड्रमर जॉन बोनम याच्या मृत्यूनंतर संपला होता. सत्तावीस वर्षांनी उरलेले तिघे पूर्ण मैफलीसाठी उभे राहिले, तिकिटांसाठी सोडत काढावी लागली, आणि ड्रमवर बसला बोनमचा मुलगा जेसन. वडील गेले तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. मजेची गोष्ट म्हणजे ती मैफल ज्याच्या स्मरणार्थ होती, तो अहमत एर्तेगुन तुर्की मुसलमान होता. वॉशिंग्टनमधल्या तुर्की राजदूताचा मुलगा, अटलांटिक रेकॉर्ड्सचा एक संस्थापक. इस्तंबूलमध्ये उस्कुदारच्या एका सूफी खानकाहच्या आवारात तो दफन आहे. रॉकचा इतिहास लिहिणारे हे तळटीपेत टाकतात.

त्या रात्री लंडनला लोक जुनं, जसंच्या तसं ऐकायला गेले होते. रॉकमध्ये परतीचा अर्थ तोच असतो. ‘शक्ती’चं तसं झालं नाही. १९९७ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यासाठी ती पुन्हा जमली तेव्हा एल. शंकर नव्हते. त्यांच्या जागी दुसरं व्हायोलिन शोधण्याऐवजी हरिप्रसाद चौरसियांची बासरी आली, आणि सगळा वेगच बदलला. आलाप आला, ठहराव आला. जुने चाहते थोडे गोंधळले असतील. मला स्वतःला ते ध्वनिमुद्रण पहिल्या तीन अल्बमांइतकं आवडत नाही, पण त्या माणसांनी तरुणपणीच्या स्वतःची नक्कल केली नाही, याचा आदर वाटतो.

त्यानंतर बासरीच्या जागी यू. श्रीनिवास आले, विजेच्या मेंडोलिनवर कर्नाटक संगीत वाजवणारे. विनायकराम यांच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश बसला, कंजिरा आणि घटम घेऊन. मग शंकर महादेवन यांचा गळा आला. पहिल्या ‘शक्ती’त गाणारा नव्हताच. लंडनमध्ये बोनमचा मुलगा बसला तो एका रात्रीपुरता. सेल्वागणेश बसला तो कायमचा. एक बँडची रीत, दुसरी घराण्याची. आपल्या भाषेत सांगायचं तर गादी रिकामी ठेवली नाही.

मराठी वाचकाला इथे ‘कट्यार काळजात घुसली’ आठवेल. चित्रपटात पंडितजी झालेले शंकर महादेवनच. मूळ नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, १९६७ चं, आणि त्यात खाँसाहेब साकारणारे वसंतराव देशपांडे मूर्तिजापूरचे. आमच्या यवतमाळची शकुंतला जिथे जाऊन थांबायची, तेच मूर्तिजापूर. त्या नाटकातलं भांडण गळ्यावर हक्क कुणाचा, घराण्याचा वारस कोण, याचं आहे. तिथे एका जागेसाठी दोन घरं उद्ध्वस्त होतात. ‘शक्ती’त जागा रिकामी झाली की पुढचा येऊन बसला आणि आधीच्याची रचना वाजवू लागला.

डिसेंबर २००० मध्ये मुंबईत ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ ध्वनिमुद्रित झाला. पाहुण्यांमध्ये शिवकुमार शर्मा, भवानी शंकर, शिवमणी, आणि झाकीर यांचा भाऊ तौफीक कुरेशी. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला अल्लारखा गेले होते, त्यांची मुलगी रझिया गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी. एका घरातून दोन जनाजे निघालेलं ते वर्ष. मी जुनं कॅलेंडर काढून पाहिलं, तर त्या डिसेंबरात रमजान चालू होता. ईद महिनाअखेरीस झाली. श्रीनिवास यांनी बांधलेली ‘गिरिराज सुधा’ ही कृष्णाची रचना त्या मैफलीत आहे आणि तिच्यावर तबला वाजवणारा माणूस माहीमचा. हे मी भाईजानला चिडवायला सांगत नाही. त्या रात्री कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं, एवढंच मला त्यात ऐकू येतं. पुढे दर ३ फेब्रुवारीला झाकीर मुंबईत वडिलांची बरसी करत, पहाटेपासून रात्रीपर्यंत, देशोदेशीचे तालवादक बोलावून. उर्स म्हणजे तरी वेगळं काय असतं?

श्रीनिवास २०१४ मध्ये गेले, अवघ्या पंचेचाळीसाव्या वर्षी. त्यानंतर ‘शक्ती’ संपली असंच सगळ्यांनी धरलं होतं. ती जागा भरायला पाच-सहा वर्षं लागली. गणेश राजगोपालन व्हायोलिन घेऊन आले. म्हणजे पहिल्या संचातलं वाद्य फिरून परतलं. आणि तेवढ्यात कोरोना. मोनॅको, सॅन फ्रान्सिस्को, मुंबई, चेन्नई, प्रत्येकाने आपल्या ठिकाणी वाजवून एकमेकांना पाठवलं. ज्या बँडचा पहिला अल्बम समोरासमोर मांडी घालून, एका बैठकीत झाला होता, त्याचा पंचेचाळीस वर्षांनंतरचा पहिला स्टुडिओ अल्बम असा तुकड्यातुकड्यांनी झाला. ‘धिस मोमेंट’ जून २०२३ मध्ये आला. त्यातली पहिली रचना ‘श्रीनीज ड्रीम’, श्रीनिवास यांच्या आठवणीतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. झाकीर यांना त्या एका रात्रीत तीन मिळाली. पद्मविभूषण आदल्या वर्षी, भारत दौऱ्याच्या महिन्यातच जाहीर झालं होतं.

दौऱ्याच्या चित्रफिती मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यात मला आवडणारी जागा वेगाची नाही. सेल्वागणेश कंजिऱ्यावर काहीतरी टाकतो. कंजिरा म्हणजे तळहाताएवढी डफली. झाकीर ऐकतात, मान वर करतात, लगेच उत्तर देत नाहीत. चेहऱ्यावर हसू येतं. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी मुलगा होता की बाप, कोण जाणे. बापासोबत ते त्याच जागी १९७५ मध्ये बसले होते. मग तबल्यावर दोनच थापा, आणि सभागृह हसतं. त्या हसण्याला धर्माचं नाव देता येईल का, हे मी भाईजानवर सोडतो.

दहा महिन्यांपूर्वी तीन ग्रॅमी घेतलेला तो माणूस फुप्फुसाच्या आजाराने सॅन फ्रान्सिस्कोत गेला, तिथल्याच परिसरात दफन झाला. मला त्याला ‘चांगला मुसलमान’ असं प्रमाणपत्र द्यायचं नाही, तो अधिकार मला नाही. भाईजानलाही काढून घ्यायचा अधिकार नाही. दुवा मात्र कुणीही करू शकतं.

हे सगळं एवढं लांबलचक मी त्याला फोनवर सांगितलं. तो ऐकत होता. मोहरमच्या गोष्टीवर थांबवून त्याने दोनदा विचारलं, खरंच झोळी घेऊन? मी पुस्तकातलं पान सांगितलं. मग तो म्हणाला, मलाही केलं होतं अम्मीने, सहा वर्षांचा होतो, तुला माहीत नसेल. मला माहीत नव्हतं. विषय तिथून भलतीकडेच गेला, खालाच्या गुडघ्यांकडे, कापसाच्या भावाकडे.

रात्री मी त्याला ‘जॉय’ची लिंक पाठवली. ग्रुपवर नाही, त्याच्या एकट्याच्या नंबरवर. अर्ध्या तासाने त्याचा मेसेज आला, ‘यात तबला कोणता आणि माठ कोणता?’